न कमावलेली किंमत

देहदंडाच्या खटल्यात साक्ष द्यायला येणाऱ्याला प्राचीन ज्यू न्यायसभा आधी ताकीद देत असे. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, यहूदा हनासी यांनी संकलित केलेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथाच्या ‘सान्हेद्रीन’ प्रकरणात ती सविस्तर नोंदलेली आहे. अंदाजाने किंवा ऐकीव गोष्टीवरून बोलू नये, हा तिचा पहिला भाग. पैशाच्या दाव्यात साक्ष चुकली तर भरपाई देऊन मोकळे होता येते. इथे मात्र आरोपीचे आणि त्याच्या वंशात पुढे जन्मू शकणाऱ्या सगळ्या पिढ्यांचे रक्त साक्षीदाराच्या माथी बसते. दुसरा भाग अधिक अनपेक्षित आहे. देवाने आरंभी एकच माणूस का घडवला, असा प्रश्न तिथे भर न्यायसभेत विचारला जातो आणि त्याची उत्तरेही दिली जातात. एका माणसाचा जीव घेणे म्हणजे अख्खे जग बुडवणे आणि एकाला वाचवणे म्हणजे अख्खे जग तारणे, हे कळावे म्हणून. माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा, असे कोणी कोणाला म्हणू नये म्हणून. शिवाय राजा एका छापातून पाडतो ती सगळी नाणी सारखी निघतात, पण देवाने एकाच आदामाच्या छापातून पाडलेली माणसे एकासारखी दुसरी नसतात, हे दिसावे म्हणून. यावरून मिश्ना निष्कर्ष काढते की हे जग आपल्यासाठी निर्माण झाले, असे म्हणणे प्रत्येक माणसाला भागच आहे.

हे सगळे बोलले जाते कोणाच्या संदर्भात, ते पाहण्यासारखे आहे. न्यायसभेपुढे जो उभा आहे तो कोणी संत किंवा विद्वान नाही. त्याच्यावर खुनासारखा आरोप आहे आणि तो खराही ठरू शकतो. अशा माणसाच्या बाबतीतच ग्रंथ सांगतो की तो एका अख्ख्या जगाच्या तोलाचा आहे. आत्मसन्मानाविषयी ज्यू परंपरेला जे म्हणायचे आहे त्याचे मर्म इथे सापडते. माणसाची किंमत त्याच्या कर्तबगारीवरून ठरत नाही. ती आधीच गृहीत धरलेली आहे. ती कमावलेली नसल्यामुळे अपयशाने गमावलीही जात नाही. माणसाच्या हाती उरते ते एवढेच की त्या किमतीला शोभेल असे वागायचे आणि दुसऱ्याची तीच किंमत सांभाळायची. स्वतःबद्दल सतत छान वाटले पाहिजे, या आजच्या ध्यासाला ही परंपरा फारशी भीक घालत नाही. आत्मविश्वास तिच्या लेखी वागण्यातून मागाहून येतो. आधी किंमत, मग जबाबदारी आणि शेवटी आत्मविश्वास हा क्रम व्यक्तिमत्त्व-विकासाच्या प्रचलित क्रमापेक्षा अधिक टिकाऊ आहे, आणि त्याचा उपयोग श्रद्धाळू ज्यू माणसापुरता मर्यादित नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रचलित क्रमाची परीक्षा अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. कॅलिफोर्नियातले लोकप्रतिनिधी जॉन वॅस्कन्सेलोस यांच्या पुढाकाराने त्या राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक सरकारी कृतिदलच नेमले. लोकांना स्वतःबद्दल चांगले वाटू लागले की व्यसने, गुन्हेगारी, शाळेतली गळती असे प्रश्न आपोआप कमी होतील, ही त्यामागची आशा होती. १९९० मध्ये अहवाल आला, त्याचा गाजावाजा झाला आणि शाळाशाळांतून मुलांची उठता-बसता स्तुती करण्याची लाट आली. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. स्वतःविषयी चांगले मत असणारी माणसे जास्त आनंदी असतात आणि पुढाकार घ्यायला कचरत नाहीत, हे त्यांना आढळले. पण शाळेतले यश हा आत्मसन्मानाचा परिणाम असण्यापेक्षा बऱ्याच अंशी त्याचे कारण असते, असेही दिसले. नुसता आत्मसन्मान फुगवल्याने मुले अभ्यासात पुढे जातात किंवा व्यसनांपासून दूर राहतात, याला आधार मिळाला नाही. स्तुती करायची तर ती चांगल्या वागण्याची करावी, असा त्यांचा सल्ला होता. भावना आधी उभी करायची आणि वागणे तिच्या मागून येईल म्हणून वाट पाहायची, हा मार्ग फारसा पुढे जात नाही, एवढे यातून स्पष्ट झाले.

स्वतःला कमी लेखण्याचे परिणाम ज्यू परंपरेला ठाऊक नाहीत असे मात्र नाही. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘गणना’ या पुस्तकात कनान देशाची पाहणी करायला पाठवलेल्या बारा हेरांची कथा येते. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांना त्या देशात शिरायचे आहे. हेर चाळीस दिवसांनी परततात, सोबत द्राक्षांचा एवढा मोठा घड आणतात की तो दोघांना काठीवर टांगून वाहावा लागतो. देश सुपीक आहे याबद्दल त्यांच्यात दुमत नाही. तरी बारापैकी दहा जण कच खातात. तिथली माणसे धिप्पाड आहेत, त्यांच्यापुढे आम्ही स्वतःच्याच नजरेत टोळांएवढे झालो आणि त्यांनाही तसेच दिसलो असणार, असा त्यांचा सूर असतो. ज्यू भाष्यकारांनी या वाक्याच्या उत्तरार्धावर बोट ठेवले आहे. स्वतःला टोळ समजलात ते एक वेळ समजू शकते, पण तुम्ही त्यांना कसे दिसलात हे तुम्हाला कोणी सांगितले? हेरांच्या या खचलेपणाची शिक्षा म्हणून अख्ख्या पिढीला चाळीस वर्षे वाळवंटात काढावी लागते. कथेचा रोख साधा आहे. स्वतःला क्षुद्र समजणारा माणूस आपला अंदाज दुसऱ्याच्या डोळ्यांत घालतो आणि मग तोच पुरावा मानून माघार घेतो. समोर द्राक्षांचा घड असूनही त्याला फक्त धिप्पाड माणसे दिसतात. न्यूनगंड हा या दृष्टीने विनयाचा प्रकार ठरत नाही. तो वास्तवाचे चुकीचे मोजमाप ठरतो.

मग यावर उपाय काय? इथे ज्यू परंपरेचा खास स्वभाव दिसतो. ती उपदेशावर थांबत नाही, रीतिभाती बदलते. मिश्नावरच्या चर्चांचा मोठा संग्रह असलेल्या तालमुदमध्ये नोंद आहे की पूर्वी सुतकाच्या घरी श्रीमंत लोक सोन्या-चांदीच्या परड्यांतून जेवण नेत आणि गरीब लोक सोललेल्या वेताच्या परड्यांतून. गरिबांना त्याची लाज वाटे. म्हणून ठरले की यापुढे सगळ्यांनी वेताच्याच परड्या न्याव्यात. अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की तो मृत्यूपेक्षा जड वाटे आणि नातेवाईक प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या धर्मगुरूने आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रात न्यावे असे सांगून ठेवले आणि पुढे सगळ्यांनी तीच चाल उचलली. पारंपरिक ज्यू अंत्यविधीत आजही श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच साधे पांढरे कफन मिळते. दान देण्यातही तीच काळजी. मार उकबा नावाचा एक विद्वान शेजारच्या गरिबाच्या दारापाशी रोज गुपचूप पैसे ठेवत असे. एकदा दाता कोण हे बघायला तो गरीब बाहेर आला, तेव्हा मार उकबा आणि त्याची बायको पळाले आणि नुकतीच आग बाजूला सारलेल्या भट्टीत जाऊन लपले. दुसऱ्याला ओशाळवाणे करण्यापेक्षा भट्टीत शिरलेले बरे, हा या कथेचा धडा. चारचौघांत कोणाचा पाणउतारा करणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, असे तालमुद दुसऱ्या ठिकाणी म्हणतो. माणसाचा आत्मसन्मान ही त्याची खासगी मानसिक बाब आहे, असे इथे कोणी मानत नाही. ती सगळ्या समाजाने सांभाळायची ठेव आहे.

ही ठेव देण्यापुरती नसते, घेणाऱ्यावरही ती जबाबदारी टाकते. पेसाह म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री इजिप्तमधून सुटकेची कथा ‘हगादा’ या पोथीतून वाचत जेवण केले जाते. त्या रात्री डाव्या कुशीवर टेकून, लोड-तक्क्याला रेलून जेवायचे असते, कारण त्या काळी मोकळी, खानदानी माणसे तशी जेवत. मिश्नाचा नियम असा की इस्राएलमधल्या सगळ्यांत गरीब माणसानेही रेलल्याशिवाय जेवू नये आणि द्राक्षरसाचे चार पेले त्याला मिळालेच पाहिजेत, मग ते धर्मादाय निधीतून द्यावे लागले तरी चालेल. आपण स्वतंत्र आहोत असे त्याला वाटते की नाही, याची विचारपूस कोणी करत नाही. स्वतंत्र माणसासारखे बसायला सांगितले जाते. याच न्यायाने तालमुद आणखी एक गोष्ट सांगतो, जी प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते: दानावर जगणाऱ्यानेही त्यातून थोडे दान करावे. थोडा विचार केला की त्यातला शहाणपणा कळतो. जो फक्त घेतो तो स्वतःच्या नजरेत उतरत जातो. चिमूटभर का होईना, देणारा हात त्याला ताठ ठेवतो. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या, तेव्हा सर्वांत वरच्या पायरीवर कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे ठेवले, तेही याच विचारातून.

मराठी वाचकाला ही हगादा परकी वाटायचे कारण नाही. १८७४ मध्ये पुण्यात बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी छापलेल्या सचित्र हगादेत हिब्रू मजकुराशेजारी मराठी भाषांतर आहे आणि सणासाठी बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चित्रांत साड्या नेसलेल्या दिसतात. हा समाज कोकणात शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा करत होता. गावगाड्यात तेल्याचे स्थान काही मानाचे नव्हते. पण हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ग्रंथ हाताशी नव्हते, रब्बी नव्हते, हिब्रू जवळजवळ विस्मरणात गेली होती. तरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळला गेला. शब्बाथाच्या आज्ञेत मालक, नोकर, परका आणि बैलसुद्धा यांना एकाच दिवशी विसावा सांगितला आहे. सहा दिवस माणूस कामावरून मोजला जातो. सातव्या दिवशी ते मोजमाप बंद. रोजच्या कमाईवर पोट असणाऱ्या घाणेवाल्याने आठवड्यातला एक दिवस असा सोडून देणे, यात आपली ओळख धंद्यापेक्षा मोठी आहे हे ठामपणे सांगणे होते. व्याख्यान न देता दर शनिवारी ते सांगितले जाई आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतही असे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सहज सुचणारा: जग आपल्यासाठी निर्माण झाले असे म्हणणारा माणूस गर्विष्ठ होणार नाही का? पोलंडमधल्या प्शिसुखा गावचे हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे गुरू सिम्हा बुनीम (१७६५–१८२७) यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. प्रत्येकाने दोन खिशांत दोन चिठ्ठ्या बाळगाव्यात, असे ते सांगत. एकीवर मिश्नातले तेच वचन, की जग आपल्यासाठी घडवले गेले. दुसरीवर ज्यूंचा आद्य पूर्वज अब्राहाम याने देवापुढे उच्चारलेले, की आपण धूळ आणि राख आहोत. खरे कौशल्य चिठ्ठ्या बाळगण्यात नाही. कोणत्या वेळी कोणत्या खिशात हात घालायचा, यात आहे. आणि दुसरी चिठ्ठी अब्राहामाने कधी उच्चारली हे पाहिले तर आणखी उलगडा होतो. सदोम नगरातल्या माणसांना वाचवण्यासाठी तो देवाशी घासाघीस करत होता. म्हणजे स्वतःला धूळ म्हणणारा माणूस त्याच दमात देवाला जाब विचारतो. इजिप्तमधून लोकांना सोडवून आणणाऱ्या मोशेला तर तोराने पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटले आहे, आणि इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या दरबारात उभा राहिला तोही मोशेच. या परंपरेत नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे नसते. आपल्या अंगचे गुण ओळखणे, पण ते आपण विकत आणलेले नाहीत हे विसरू न देणे, असा तिचा अर्थ आहे.

तरीही या दोन चिठ्ठ्यांमध्ये किती ओढाताण आहे, ते एकोणिसाव्या शतकातल्या लिथुएनियात दिसले. रब्बी इस्राएल सालान्तर यांनी सुरू केलेल्या ‘मुसार’ या चारित्र्य-शिक्षणाच्या चळवळीतून दोन शाळा निघाल्या. नोवार्दोकच्या पाठशाळेत अहंकार मोडण्यावर भर होता. विद्यार्थ्याने औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागावेत, लोक हसले तरी हसू द्यावेत, असे सराव तिथे दिले जात. लोक काय म्हणतील या भीतीतून माणूस मोकळा व्हावा, हा त्यामागचा हेतू. स्लाबोद्कामध्ये रब्बी नोसन त्स्वी फिंकेल (१८४९–१९२७) यांनी नेमकी उलटी वाट धरली. माणसाची थोरवी हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. पाठशाळेतली मुले फाटक्या-मळक्या कपड्यांत वावरत, ती जुनी रीत त्यांनी मोडली. आपले विद्यार्थी नीटनेटक्या, प्रतिष्ठित पोशाखात राहतील याकडे ते जातीने बघत. तू देवाच्या प्रतिमेत घडलेला आहेस, मग हलकटपणा तुला शोभत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही शाळांना माणूस लोकांच्या नजरेच्या गुलामीतून सोडवायचा होता, हे मान्य केले तरी माझा कौल स्लाबोद्काला आहे. जो आधीच खचलेला आहे त्याला आणखी हसे करून घ्यायला सांगणे धोक्याचे आहे. उलट ज्याला आपली किंमत पटली आहे, त्याला लोकांच्या हसण्याची पर्वा आपोआपच कमी वाटते. पुढच्या काळात अमेरिकेत आणि इस्राएलमध्ये ज्यू पाठशाळा नव्याने उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येक नावाजलेल्या पाठशाळांची धुरा स्लाबोद्कात शिकलेल्यांनीच वाहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तोरामध्ये ६१३ आज्ञा मोजल्या जातात. एवढे नियम पाळायचे म्हटल्यावर माणूस सतत चुकणार आणि सतत अपराधी वाटून घेणार. त्यातून आत्मसन्मान कसला उभा राहणार? योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी छातीवर हलकेच मूठ मारत पापांची यादी म्हटली जाते, तेव्हा हा आक्षेप खरा वाटू लागतो. पण ती यादी नीट ऐकावी. ती ‘मी’ची नाही, ‘आम्ही’ची आहे आणि हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने जाते. एकट्याला पिंजऱ्यात उभे करण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. शिवाय माणसाने माणसाचा केलेला अपराध नुसत्या प्रार्थनेने धुतला जात नाही. ज्याचे बिघडवले त्याच्याकडे जाऊन समजूत घालावी लागते, असे मिश्ना स्पष्ट सांगते. म्हणजे अपराधीपणात कुढत बसायला जागा नाही, उठून काहीतरी करायचे आहे. मायमोनिडीजच्या मते पश्चात्ताप पूर्ण झाला हे ओळखायची खूण अशी की तीच संधी, तोच मोह पुन्हा समोर आला आणि हातात बळ असूनही माणूस त्या वाटेला गेला नाही. अशा माणसाला त्याच्या जुन्या चुका उकरून टोचायची मनाई आहे. तालमुदमध्ये रब्बी मेईर त्रास देणाऱ्या गुंडांच्या मरणाची प्रार्थना करू लागतात, तेव्हा त्यांची विदुषी पत्नी बेरुरिया त्यांना अडवते. पापे नाहीशी होवोत असे मागावे, पापी नव्हे, असे ती शास्त्राधाराने पटवून देते. मेईर प्रार्थना बदलतात आणि गुंड सुधारतात. कृत्य आणि कर्ता यांची अशी फारकत केली नाही, तर चुकलेल्या माणसाला सुधारायला आधारच उरत नाही.

हे सगळ्यांत हळुवारपणे मांडले ते ब्रेस्लोवच्या रब्बी नाहमान यांनी. १७७२ मध्ये जन्मलेले हे हसिदी गुरू स्वतः निराशेच्या खोल गर्तेतून अनेकदा गेले आणि अवघ्या अडतिसाव्या वर्षी, १८१० मध्ये, युक्रेनमधल्या उमान गावी क्षयाने वारले. त्यांची शिकवण अशी: दुसऱ्या कोणाकडे बघताना, तो पुरता वाईट वाटला तरी, त्याच्यात एखादा चांगला अंश शोधावा. तो सापडला की त्या जोरावर त्या माणसाला चांगल्याच्या पारड्यात नेता येते. मग हीच नजर स्वतःकडे वळवावी. आपण केलेली एखादी बरी गोष्ट आठवावी. मन लगेच म्हणेल की त्यातही स्वार्थ होता, दिखावा होता. असू दे, तरी त्यात कुठेतरी कणभर चांगले असणारच. तो कण उचलावा, मग दुसरा शोधावा, आणि सूर जोडत गाणे व्हावे तसे ते जोडत जावे. या पद्धतीत स्वतःची खोटी भलामण नाही. दोष नाकारलेले नाहीत. फक्त दोषांनाच पूर्ण सत्य मानायला नकार दिलेला आहे. आरशापुढे उभे राहून ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणायला सांगणाऱ्या सल्ल्यापेक्षा हे अवघड आहे, कारण इथे पुरावा शोधावा लागतो. पण सापडलेला पुरावा लहान असला तरी खरा असतो आणि वाईट दिवसांत टिकतो.

तिसरा आक्षेप खुद्द ज्यूंकडूनही आलेला आहे. स्वतःला देवाने निवडलेले लोक म्हणवणारी परंपरा सगळ्यांची किंमत सारखी कशी मानेल? या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि एक झाकून दुसरी दाखवणे योग्य नाही. मिश्नातला आदाम ज्यू नव्हता, तो साऱ्या मानवजातीचा मूळ पुरुष होता. संदेष्टा आमोस तर निवड म्हणजे जास्त कडक हिशेब असे बजावतो. पण याच मिश्ना-वचनाच्या काही प्रतींत अख्ख्या जगाच्या तोलाचा जीव ‘इस्राएलमधला’ असे शब्द घुसलेले आहेत आणि ज्यू आत्मा मुळातच वरच्या दर्जाचा मानणारे विचारवंतही या परंपरेत होऊन गेले. सनातनी प्रार्थना-पुस्तकात आपल्याला स्त्री केले नाही म्हणून पुरुष रोज सकाळी आभार मानतात. सुधारणावादी पंथांनी ते काढून टाकले. रेगिना योनास या जर्मन महिलेने शास्त्रग्रंथांच्याच आधारे स्त्रीला रब्बी होता येते असा प्रबंध लिहिला, १९३५ मध्ये ती पहिली स्त्री रब्बी झाली आणि १९४४ मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. आपल्या बेने इस्राएल लोकांनाही याची झळ बसली. इस्राएलमध्ये गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च रब्बी संस्थेने त्यांच्याशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. ज्यांनी कोकणात शनिवार सोडला नाही, त्यांच्याच ज्यूपणावर शंका. त्यांनी हात जोडले नाहीत. जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचा ठराव केला. परंपरेचे तत्त्व तिच्याच अधिकाऱ्यांनी पायदळी तुडवले, तर तेच तत्त्व हातात घेऊन अधिकाऱ्यांना उत्तर देता येते, हे या लढ्याने दाखवले. तत्त्व भक्कम असल्याची याहून चांगली कसोटी नाही.

शेवटचा आक्षेप नास्तिकाचा. देवच मानला नाही तर त्याचा छाप कुठून येणार? प्रामाणिक उत्तर असे की किंमत आधीच आहे, हे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध होत नाही. श्रद्धावान ते देवाच्या नावाने धरून चालतो. पण धरून चालणे केवळ धर्मातच असते असे नाही. भारतीय संविधानाची उद्देशिका व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे आश्वासन देते, तेव्हा तीही कोणाच्या गुणपत्रिका मागत नाही. न्यायालय आरोपीला माणूस म्हणून जे हक्क देते, तेही त्याने कमावलेले नसतात. हे गृहीत धरून वागणारा समाज अधिक माणुसकीचा होतो, एवढे पुरेसे आहे. मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. ग्रंथवचने औषधाची जागा घेत नाहीत. हे सांगायला अब्राहम ट्वर्स्की (१९३०–२०२१) यांच्याइतका योग्य माणूस नाही. हसिदी घराण्यातले हे रब्बी मनोविकारतज्ज्ञही होते. १९७२ मध्ये त्यांनी पिट्सबर्गजवळ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि आत्मसन्मानावर अनेक पुस्तके लिहिली. आपल्यातले खरे गुण न दिसणे हा दृष्टिदोष आहे, असे ते मानत. म्हणून स्वतःविषयी चांगले भ्रम पाळण्यापेक्षा खरे चित्र बघण्यावर त्यांचा भर असे. औषध आणि उपचार एका हाताशी, आणि माणसाची किंमत व्यसनाने संपत नाही ही खात्री दुसऱ्या हाताशी, असे त्यांचे काम चाले.

या सगळ्यातून आपल्या घरांसाठी आणि शाळांसाठी जे निघते ते खर्चिक नाही. मुलाचा आत्मविश्वास वाढवायचा म्हणून त्याला शिबिरात घालण्याआधी त्याला एखादे खरे काम सोपवावे, ज्याच्यावाचून घराचे अडेल. गुण कमी पडले तर गुणांबद्दल बोलावे, त्याच्या लायकीबद्दल नाही. पाहुण्यांसमोर, वर्गासमोर, भावंडांसमोर त्याचा पाणउतारा करू नये. आणि मदत घेणाऱ्या कोणालाही मदत घेतल्याची जाणीव करून देऊ नये. आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा, जेव्हा कोणी कोणाला पगार, टक्के, बढती यांवरून मोजणार नाही. स्वतःच्या बाबतीतही हाच न्याय लावावा: चूक झाली तर ती दुरुस्त करावी, पण चुकीला आपले नाव देऊ नये. माणसाला त्याची किंमत पटवून देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ती आहे असे धरून त्याच्याशी वागणे. त्याला स्वतःबद्दल कसे वाटते, हा प्रश्न मग बराचसा आपोआप सुटतो.